हवेचा हिशेब

आळेफाटा हे गाव रस्त्यांनी वसवलेलं. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते इथं एकमेकांना छेदतात. साहजिकच इथं थांबणाऱ्या माणसांना चहा लागतो आणि चाकांना हवा. चहा कसा झालाय हे जिभेला लगेच कळतं. हवा किती भरली हे मात्र एक काटा सांगतो आणि आपण मुकाट्यानं मान डोलावतो. हॉटेलच्या बिलाची बेरीज तीनदा तपासणारा माणूससुद्धा या काट्याला उलट प्रश्न करीत नाही. शेजारच्या आळे गावात रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले तोच हा रेडा, अशी श्रद्धा आहे. जिथं रेड्यानं वेद म्हटले तिथं काट्यानं निदान खरं बोलावं, एवढीच माझी माफक अपेक्षा.

काटा बोलतो तेही पौंडांत. 1956 साली वजनमापांचा कायदा झाला, 1957 साली नवे पैसे आले, पुढं शेर आणि रत्तल वाण्याच्या दुकानातून हद्दपार झाले. टायरातला पौंड तेवढा जागचा हलला नाही. ‘किती भरू?’ ‘तीस!’ या संवादात कुणी ‘तीस काय?’ म्हणून विचारत नाही. एका चौरस इंचावर तीस पौंडांचा रेटा, असा त्याचा अर्थ.

आता या काट्याचं कूळ पाहू. हवेला वजन असतं हे इटलीच्या तोरिचेल्लीनं 1643 साली पाऱ्याच्या नळीनं दाखवून दिलं. मग फ्रान्सच्या पास्कालला वाटलं, डोंगरावर चढलं तर डोक्यावरची हवा कमी होईल आणि पारा उतरेल. पास्काल प्रकृतीनं नाजूक. त्यानं शहाण्या माणसासारखं थोरल्या बहिणीच्या यजमानांना कामाला लावलं. 19 सप्टेंबर 1648 रोजी हे मेव्हणे पाऱ्याची नळी घेऊन प्युई द डोम नावाचा डोंगर चढले आणि वर पारा तीन इंचांहून थोडा अधिक उतरलेला आढळला. शास्त्राच्या इतिहासात मेव्हण्याचा इतका सदुपयोग दुसऱ्या कुणी केला नसेल.

हा प्रयोग आपण माळशेज घाटात रोज करतो. कल्याण जवळजवळ समुद्रसपाटीला, तर आळेफाटा साडेसहाशे-सातशे मीटर उंचीवर. कल्याणला बरोबर तीस पौंड भरलेलं चाक, तितक्याच गारव्यात मोजलं, तर आळेफाट्याला एकतीसच्या आसपास दाखवतं. कारण गेज चाकातली सगळी हवा मोजत नाही. बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त, एवढंच तो सांगतो. समुद्रकाठी बाहेरची हवा 14.7 पौंडांनी दाबत असते. गेजचं शून्य म्हणजे खरं शून्य नव्हेच. आम्हा कारकुनांच्या भाषेत, तो आरंभीची शिल्लक वगळून हिशेब दाखवतो.

पाऱ्याची नळी बॉयलरवर किंवा चाकावर लावणं गैरसोयीचं. ती अडचण एका अपघातानं दूर केली. पॅरिसचा यंत्रकार युजेन बूर्दों वाफेच्या यंत्रासाठी नळीचं वेटोळं करीत होता. वाकवताना नळी चपटी झाली. तिला पुन्हा गोल करण्यासाठी त्यानं आत दाबानं पाणी सोडलं, तर नळी गोल होता होता वेटोळंच उलगडू लागलं. जत्रेतली कागदी पुंगी फुंकल्यावर उलगडते ना, तस्सं! दुसरा असता तर नळी भंगारात टाकून मोकळा झाला असता. यानं तिच्या टोकाला काटा जोडला आणि 1849 साली पेटंट घेतलं. टायरवाल्याच्या भिंतीवरच्या गोल तबकडीच्या गेजात बहुधा हीच वाकडी नळी असते.

इथवर ठीक. गोची टक्केवारीत आहे, आणि टक्केवारी आली की वाणिज्य शाखेच्या पदवीधराला जरा कंठ फुटतो. साध्या गेजची चूक बहुधा तबकडीवरच्या शेवटच्या आकड्याच्या टक्क्यांत सांगतात. समजा, ट्रकसाठीचा दीडशे पौंडांचा गेज आहे आणि त्याला तीन टक्के चूक माफ आहे. म्हणजे साडेचार पौंड. ट्रकच्या शंभर पौंडांत साडेचार इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही. पण तोच गेज जुन्या स्कूटरच्या पुढच्या चाकाला लावला, तर तिथल्या अठरा पौंडांत साडेचार म्हणजे रुपयामागं चार आणे! एवढा फरक आमच्या खात्यात आला तर आम्हाला रात्री घरी सोडत नाहीत.

हे दुखणं एकट्या टायरचं नाही. अमेरिकेत जंगलातली झाडं आणि गुरं रंगानं खुणावण्यासाठी वायूच्या दाबावर चालणारं पिस्तूल होतं. 1981 साली न्यू हॅम्पशायरमध्ये 12 जणांनी ते एकमेकांवर रोखलं आणि पेंटबॉल हा खेळ जन्मला. जिंकला कोण, तर एकही गोळी न झाडता सगळे झेंडे गोळा करणारा वनरक्षक. पुढं या खेळात दीडशे-दोनशे पौंडांवर चालणाऱ्या बंदुका आल्या. तिथं बाटलीसाठीचा तीन हजारी गेज लावला, तर त्याच तीन टक्क्यांनी नव्वद पौंडांचा घोळ होतो. तीनशेपर्यंतचा गेज लावला तर फक्त नऊ.

खेळात चुकलं तर सदऱ्यावर रंग उडतो. रस्त्यावर तसं नसतं. कमी हवेचं चाक प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतं, जास्त तापतं आणि भरधाव वेगात फुटतं. म्हणजे हवा जिथं कमी, तिथं धोका मोठा, आणि मोठ्या गेजची थाप नेमकी तिथंच पचते. भरीला, लांबून आलेलं तापलेलं चाक दोन-चार पौंड जास्तच दाखवतं. ते पाहून शहाणे लोक हवा सोडून देतात, आणि चाक गार झालं की ती कमी पडते.

तेव्हा हवा भरण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. मोकळा गेज शून्यावर उभा आहे ना, आणि आपला आकडा तबकडीच्या मधल्या भागात येतो ना? चाकही गार असताना, सकाळी निघण्यापूर्वीच तपासावं. स्वतःचा एक लहान गेज खिशात असला तर उत्तमच. टायरवाला जरा विचित्र नजरेनं बघेल. बघू दे. पैसे घेऊन काउंटरसमोरच पुन्हा मोजणाऱ्या गिऱ्हाइकाकडं आम्हीही तसंच बघतो, पण मनातून त्याला मानतो.