पोसोले : मका, चुना आणि टर्की

नाहुआत्ल भाषेत ‘पोसोनी’ म्हणजे उकळणे, फेसाळणे. ‘पोसोले’ हे मेक्सिकोतील एका घट्टसर सूपाचे नाव याच क्रियापदाशी जोडले जाते, आणि ज्याने या सूपाचे भांडे चुलीवर पाहिले आहे त्याला ही व्युत्पत्ती पटायला वेळ लागत नाही. मक्याचे टपोरे दाणे तासन्तास शिजतात, त्यांची टोके उकलतात, दाणा फुलासारखा उमलतो आणि पाण्यावर पांढरा फेस धरतो. हे दाणे म्हणजे आपल्या परिचयाचे कणसातले कोवळे दाणे नव्हेत. ते चुन्याच्या पाण्यात उकळून साल काढलेले, पक्व आणि वाळलेल्या मक्याचे दाणे असतात. उत्तरेकडे, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, अशा प्रकारच्या मक्याला ‘होमिनी’ म्हणतात. तो शब्द व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांच्या अल्गाँकियन भाषेतून इंग्रजीत आला. नोव्हेंबरच्या शेवटी तेथील मेक्सिकन वंशाच्या अनेक घरांत सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीचे पोसोले होते. हा घरगुती काटकसरीचा भाग आहे, यात शंका नाही. परंतु त्या भांड्यात जे दोन मुख्य पदार्थ एकत्र येतात, ते मक्याचे दाणे आणि टर्कीचे मांस, त्यांचा परस्परसंबंध त्या सणापेक्षा कितीतरी जुना आहे.

मका हे मेक्सिकोचेच धान्य. तेओसिंते नावाच्या एका रानगवतापासून, बाल्सास नदीच्या खोऱ्यात, सुमारे ९,००० वर्षांपूर्वी माणसाने ते घडवले, असे आजचे संशोधन सांगते. त्या मानाने चुन्याची प्रक्रिया बरीच अलीकडची आहे. तिच्या साधनांचे सर्वांत जुने अवशेष ग्वातेमालाच्या दक्षिण किनाऱ्यावर सापडले असून त्यांचा काळ इसवीसनापूर्वी १५०० ते १२०० असा धरला जातो. या प्रक्रियेतून निघणाऱ्या मक्याला ‘निस्तामाल’ म्हणतात. ‘नेश्त्ली’ म्हणजे राख आणि ‘तामाल्ली’ म्हणजे मक्याचे शिजवलेले पीठ, या दोन शब्दांचा हा जोड आहे. चुनखडी भाजून केलेला चुना पाण्यात कालवावा, त्यात वाळलेला मका उकळावा, रात्रभर तसाच राहू द्यावा, सकाळी चोळून धुवावा. साल सुटून जाते. कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या निवळीत भिजवणाऱ्या किंवा विड्याला चुना लावणाऱ्या वाचकाला चुना तोंडात जाण्याचे नवल वाटणार नाही. मात्र आपल्याकडे चुना हा खाण्याच्या कडेकडेने वावरतो, तर तिथे तो मुख्य अन्नाच्याच मुळाशी आहे.

धुतलेला मका पाट्यासारख्या दगडावर वाटला की त्याच्या पोळ्या होतात. मक्याची भाकरी थापणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे की हे पीठ एकजीव होत नाही, कडा फाटत जातात. चुन्याने तोच दोष दूर होतो, पीठ चिकटून येते. पोसोलेसाठी दाणा वाटत नाहीत, अखंड ठेवतात. परंतु प्रत्येक दाण्याच्या मुळाशी असलेले कठीण टोक नखाने खुडून काढावे लागते. ते राहिले तर दाणा उमलत नाही. या कामासाठी ‘काकावासिंत्ले’ या मोठ्या दाण्याच्या जातीचा मका पसंत केला जातो. चार माणसांच्या सूपासाठीही शेकडो दाणे खुडायचे असतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या हे काम बायकांनी केले आहे.

पोसोलेचा इतिहास सांगणारे बहुतेक लोक या खुडण्यापासून आरंभ करीत नाहीत. ते आरंभ करतात नरमांसापासून. याला कारण झालेला मजकूर बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाच्या ग्रंथात आहे. साआगुन १५२९ मध्ये मेक्सिकोत आला आणि १५९० मध्ये तिथेच वारला. त्लातेलोल्को येथील विद्यालयात शिकलेल्या नाहुआ तरुणांच्या साहाय्याने, वृद्धांना प्रश्न विचारून, त्याने बारा खंडांचा एक विलक्षण ग्रंथ सिद्ध केला. त्यात नाहुआत्ल आणि स्पॅनिश मजकूर शेजारी-शेजारी आहेत. त्याची १५७७ च्या सुमारास पूर्ण झालेली हस्तलिखित प्रत फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे. त्याच वर्षी राजा दुसरा फिलिप याने साआगुनचे लेखन जप्त करून स्पेनला पाठवण्याचा हुकूम काढला होता. मूर्तिपूजकांच्या चालीरीती लिहून ठेवणेही तेव्हा धोक्याचे मानले जात होते.

या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात शिपे तोतेक या देवतेच्या उत्सवाचे वर्णन आहे. युद्धात पकडलेल्या कैद्याचा बळी दिल्यावर त्याला पकडणाऱ्याच्या घरी मक्याबरोबर शिजवलेल्या मांसाचा एकेक तुकडा आप्तांना दिला जाई. पकडणारा स्वतः मात्र ते खात नसे. कैदी त्याला पुत्रवत मानला गेलेला असे आणि स्वतःचेच मांस खाण्यासारखे ते झाले असते. हा तपशील पोसोलेच्या लोकप्रिय इतिहासांत क्वचितच येतो, आणि तो गाळला की त्या विधीतील दुःखाचा, नात्याचा सगळा अर्थच निसटतो. याहून महत्त्वाची गोष्ट शब्दाची आहे. त्या अन्नाला तिथे ‘त्लाकात्लाओल्ली’ असे नाव दिले आहे. ‘त्लाकात्ल’ म्हणजे माणूस, ‘त्लाओल्ली’ म्हणजे सोललेला मक्याचा दाणा. म्हणजे मनुष्यमका. तिथे ‘पोसोल्ली’ हा शब्द नाही. त्या विशिष्ट उत्सवाच्या विशिष्ट अन्नाला वेगळे नाव असावे, यातच ते रोजच्या अन्नाहून वेगळे धरले जात होते असे सुचते. तरीही ‘पोसोले हे मूळचे नरमांसाचे सूप, पुढे त्यात डुकराचे मांस आले’ हे वाक्य पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिले आहे. एखाद्या दुर्मिळ व्रताच्या नैवेद्यावरून गावाच्या जेवणाचा इतिहास लिहावा, तसा हा प्रकार आहे. डुकरे स्पॅनिशांनी आणली आणि त्यांचे मांस पोसोलेत स्थिरावले, एवढा भाग खरा.

साआगुनच्याच ग्रंथात दुसरा पुरावाही आहे, पण तो शोधण्यासाठी वेगळ्या खंडात जावे लागते. आठव्या खंडात सरदारांच्या भोजनाची यादी येते. तिथे तांबडी मिरची, टोमॅटो आणि वाटलेल्या भोपळ्याच्या बिया घालून केलेले टर्कीचे कालवण आहे. गेरेरो प्रांतातील हिरव्या पोसोलेत आजही भोपळ्याच्या बिया वाटून घालतात. पाचव्या खंडात शकुन-अपशकुनांचे वर्णन आहे. त्यात असे सांगितले आहे की बायका मका भांड्यात घालण्यापूर्वी त्यावर आपला श्वास सोडीत. आगीची त्याला भीती वाटू नये म्हणून. सांडलेला दाणा दिसला तर तो उचलावाच लागे, नाहीतर तो देवाकडे गाऱ्हाणे नेईल अशी श्रद्धा होती. साआगुनने हे ‘भ्रम’ म्हणून नोंदवले. पोसोलेच्या इतिहासाला मात्र बळीच्या वर्णनापेक्षा या दोन ओळींच्या नोंदींतून अधिक मिळते, कारण भांड्याशी उभी असलेली बाई फक्त तिथेच दिसते.

त्या बाईला जे ठाऊक होते त्याची किंमत कळायला जगाला पुढे फार वेळ लागला. स्पॅनिशांनी मका युरोपात नेला. भरघोस पिकणारे धान्य म्हणून तो गरिबांच्या शेतात आणि पोटात शिरला. चुना मागेच राहिला. गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याने १७३५ मध्ये आस्तुरियास प्रांतातील शेतकऱ्यांत एक रोग पाहिला. त्यात कातडी लाल होऊन खरबरीत होई आणि माणूस खंगत जाई. १७७१ मध्ये मिलानच्या फ्रापोल्लीने त्याला ‘पेलाग्रा’, खरखरीत कातडी, हे नाव दिले. मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व अशा रूपात बद्ध असते की शरीराला ते मिळत नाही; चुन्याच्या क्षाराने ते मोकळे होते. परंतु हे कळेपर्यंत दोष कधी कुजक्या मक्याला, कधी संसर्गाला, कधी गरिबांच्या अस्वच्छतेला दिला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत या रोगाने थैमान घातले. जोसेफ गोल्डबर्गर याने १९१४ पासून पुढे हा संसर्ग नसून निकस आहाराचा परिणाम आहे हे दाखवले, आणि १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजम याने नायसिनचा संबंध सिद्ध केला. भारतात मका एकमेव अन्न कधी झाला नाही. पण दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा आढळला, आणि हैदराबादेत सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याची वेगळी मीमांसा मांडली. ती पुढे वादग्रस्त ठरली.

टर्कीचा प्रवास याहून गमतीचा आहे. हा पक्षी मेक्सिकोत माणसाळवला गेला. नाहुआत्ल ‘वेशोलोत्ल’ पासून तिथे त्याला आजही ‘ग्वाहोलोते’ म्हणतात. सोळाव्या शतकात तो युरोपात गेला आणि त्याच्या जन्मभूमीविषयी कोणाचेच एकमत होईना. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा केले, फ्रेंचांनी व तुर्कांनी हिंदुस्थानचा, आणि पोर्तुगिजांनी ‘पेरू’ असे नाव दिले. पोर्तुगिजांमार्फत तो गोव्यात पोचला. १६१२ मध्ये मुकर्रबखान गोव्याहून जहांगीरसाठी जी अपूर्वाईची जनावरे घेऊन आला त्यांत हा पक्षी होता. बादशहाने आपल्या आठवणींत त्याचे बारकाईने वर्णन केले आणि उस्ताद मन्सूरने त्याचे चित्र काढले. ते आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. युरोपातून हाच माणसाळलेला पक्षी इंग्रज वसाहतवाल्यांबरोबर अटलांटिक ओलांडून पुन्हा अमेरिकेत आला. लिंकनने १८६३ मध्ये थँक्सगिव्हिंगला राष्ट्रीय रूप दिले, १९४१ च्या कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार ठरला, आणि टर्की त्या सणाची खूण झाली.

१८४८ च्या ग्वादालूपे हिदाल्गोच्या तहाने मेक्सिकोचा प्रचंड प्रदेश संयुक्त संस्थानांकडे गेला. तिथली माणसे जागीच राहिली, सरहद्द त्यांच्यावरून सरकली. न्यू मेक्सिकोत पोसोले नाताळचे अन्न म्हणून टिकले. पुढे कामाच्या शोधात उत्तरेकडे गेलेल्यांनी आपापल्या प्रांतांच्या पद्धती नेल्या. नव्या देशाचा सण त्यांनी स्वीकारला, आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या पक्ष्याचे काय करायचे हा प्रश्न आपल्या रीतीने सोडवला.

ती रीत साधी आहे. मांस हाडांपासून सोडवून बाजूला ठेवतात. सांगाडा कांदा, लसूण घालून दोन-तीन तास मंद आचेवर उकळतात आणि रस्सा गाळतात. वाळलेल्या ‘ग्वाहियो’ किंवा ‘आंचो’ मिरच्या गरम पाण्यात भिजवून वाटतात, तेलात परततात आणि रश्शात सोडतात, मग मका. मांस अगदी शेवटी, नुसते गरम होण्यापुरते, कारण ते एकदा भाजून झालेले असते आणि पुन्हा शिजवले तर चोथा होतो. वरून चिरलेली कोबी, मुळ्याच्या चकत्या, ओरेगानो, लिंबू, प्रत्येकाने आपापल्या वाडग्यात घालून घ्यायचे. डुकराच्या मांसाचा चिकट दाटपणा या रश्शाला येत नाही, ही तक्रार जुनी माणसे करतात व ती रास्त आहे.

मका बहुधा डब्यातला असतो. कारखान्यात त्याची साल क्षाराच्या द्रावणाने काढलेली असते, टोके कोणी खुडलेली असतात किंवा नसतात. डबा उघडून दाणे धुवून घेतले की वीस मिनिटांत काम होते. वाळलेला मका आणून रात्री चुन्यात घालणारी घरेही आहेत. तिथे सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आजी, सुना, नाती टेबलाभोवती बसून दाण्यांची टोके खुडतात, आणि ओट्यावर टर्कीची हाडे उकळत असतात.