मोटारीचे शीतन आणि पाण्याचा प्रश्न

यंत्रांच्या इतिहासात धातूची व वेगाची चर्चा विपुल आढळते. यंत्रास पाजलेल्या पाण्याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. निजाम संस्थानातील मीटरमापी लोहमार्गावर १९१२ साली हिंगोलीचा फाटा निघाला आणि पूर्णा हे जंक्शन झाले. पुढे जून १९३२ मध्ये संस्थानच्या रेल्वेनेच सत्तावीस बसगाड्यांनिशी रस्तावाहतूक आरंभिली. आगगाडी व मोटार या दोहोंस दख्खनचेच पाणी प्यावे लागले; आणि काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणी बहुधा जड असते.

परंतु येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. वाफेच्या इंजिनात पाणी वाफ होऊन निघून जाते व क्षार मागे उरतात. मोटारीच्या रेडिएटरात तेच ते पाणी फिरत असल्याने एकदा भरलेल्या पाण्याचे क्षार मर्यादितच असतात. खरी हानी होते ती वारंवार घातलेल्या नव्या पाण्याने. फोर्डच्या 'टी' मोटारीत (१९०८) आरंभीचा पंप लवकरच वगळला गेला, व तापलेले पाणी वर चढते एवढ्यावरच अभिसरण सोपविले गेले. अशा मंद प्रवाहास क्षारांचे पातळ पुटही जाचते. गाडी तापते, चालक पाणी ओततो, पुट वाढते!

पंप, थर्मोस्टॅट व दाबाचे झाकण यांनी हा दोष पुष्कळ कमी केला. तरी १९४८ च्या जग्वार एक्सके १२० सारख्या क्रीडामोटारीत बिडाचा ठोकळा व अ‍ॅल्युमिनियमचे शीर्ष एकाच पाण्यात असल्याने नुसते ऊर्ध्वपातित पाणी पुरत नाही. त्यात गंजरोधक द्रव मिसळावा लागतो, व तो ठराविक काळाने बदलावाही लागतो.