ऐटूटाकी

दक्षिण पॅसिफिक महासागरातील कुक बेटांच्या दक्षिण गटातील एक बेट. क्षेत्रफळ सुमारे 18 चौ. किमी.; लोकसंख्या सुमारे 2,000 (2011). राजधानीचे बेट रारोटोंगा याच्या उत्तरेस सुमारे 260 किमी.वर वसले आहे. अरुतांगा हे पश्चिम किनाऱ्यावरील मुख्य गाव. चलन न्यूझीलंडचा डॉलर.

मूळ ज्वालामुखीचे बेट व त्याभोवती त्रिकोणी प्रवाळभित्ती अशी रचना असल्याने याला अर्धे कंकणद्वीप म्हणता येते. भित्तीच्या आतील खारकच्छ (लगून) उथळ असून त्याच्या कडेने लहान बेटे आहेत. त्यांना ‘मोटू’ म्हणतात. रापोटा व मोटुराकाऊ हे मोटू ज्वालामुखीजन्य, बाकीचे प्रवाळवाळूचे. माउंगापू (सु. 124 मी.) हा सर्वोच्च भाग. बेट सपाट असल्याची लाज वाटून येथील योद्ध्यांनी रारोटोंगावरील राएमारू डोंगराचा माथा कापून आणला, तोच हा माउंगापू, अशी दंतकथा आहे. राएमारूचा माथा आजही सपाट दिसतो, त्यामुळे कथेला पुरावा मागायला कोणी जात नाही.

इतिहास : 11 एप्रिल 1789 रोजी कॅप्टन ब्लाय ‘बाउंटी’ जहाजातून येथे पोहोचला. त्यानंतर 17 दिवसांनी त्याच्या जहाजावर बंड झाले. बंडखोरांच्या शोधात निघालेले ‘पँडोरा’ जहाज 1791 मध्ये येथे येऊन गेले. 1821 मध्ये लंडन मिशनरी सोसायटीच्या जॉन विल्यम्सने पापेइहा व वाहापाटा हे दोन पॉलिनेशियन धर्मशिक्षक येथे उतरवले. कुक बेटांतील ख्रिस्ती धर्मप्रसाराचा आरंभ येथूनच झाला. अरुतांगाचे चर्च (1828) देशातील सर्वांत जुने मानतात. 1900 मध्ये बेट ब्रिटिश अमलाखाली आले. 1965 पासून कुक बेटांत न्यूझीलंडशी मुक्त सहयोग राखून अंतर्गत स्वराज्य आहे. आल्बर्ट हेन्री हे पहिले प्रीमियर.

दुसऱ्या महायुद्धात येथे धावपट्टी झाली. पण बेटाचे नाव जगभर झाले ते पाण्यावर उतरणाऱ्या विमानांमुळे. न्यूझीलंडच्या ‘टील’ कंपनीने 1951 मध्ये ऑकलंड-फिजी-सामोआ-ऐटूटाकी-ताहिती असा ‘कोरल रूट’ सुरू केला. चार इंजिनांचे सोलेंट विमान अकाइआमी मोटूपाशी लगूनमध्ये उतरे. इंधन भरून होईपर्यंत प्रवासी किनाऱ्यावर येत आणि बहुतेक जण पोहायला जात. तेव्हा त्या मोटूवर हॉटेल नव्हते. पाण्यात शिरलेला धक्का, माडांची सावली आणि इंधनाची सोय एवढाच सारा विमानतळ. पर्यटनासाठी काहीही न बांधता बेट पर्यटनस्थळ झाले. पुढे झालेल्या कोणत्याही बांधकामापेक्षा हा थांबा अधिक नोंद घेण्याजोगा आहे. जमिनीवर उतरणाऱ्या विमानांपुढे ही सेवा टिकली नाही, 1960 मध्ये ती बंद पडली. सोलेंट विमानांपैकी ‘अरानुई’ हे ऑकलंडच्या संग्रहालयात जपले आहे.

आर्थिक : पूर्वी केळ्यांची निर्यात होई. आता पर्यटन व मासेमारी.

पर्यटन : ऑकलंडहून रारोटोंगा सुमारे चार तास व तेथून लहान विमानाने सुमारे 50 मिनिटे. मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडावी लागते, म्हणून ऑकलंडहून शनिवारी निघालेले कुटुंब येथे शुक्रवारी पोहोचते. आरक्षण करताना तारखांचा घोटाळा होतो तो इथेच. येथील वेळ भारतीय प्रमाण वेळेच्या 15 तास 30 मिनिटे मागे. भारतीय पारपत्रावर जाणाऱ्यांनी न्यूझीलंडमधून जाण्याचा परवाना आधी काढावा.

मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ सोयीचा. नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा हंगाम असतो. फेब्रुवारी 2010 च्या ‘पॅट’ चक्रीवादळात येथील बहुसंख्य घरांचे नुकसान झाले. लहान मुलांसाठी लगूनचा उथळ भाग चांगला. मात्र भित्तीतील फटींपाशी ओढ असते, तेथे पाण्यात उतरू नये. प्रवाळ तळव्याला कापते, म्हणून जुने बूट घालूनच पाण्यात जावे. बोटीच्या सहलीत दिवसभरात दोन-तीन मोटू होतात, बोटीवर किंवा मोटूवर भाजलेल्या माशांचे जेवण मिळते. तापुआएताई मोटूवर पारपत्रावर पाऊलठशाचा शिक्का मारून देतात. मुलांना त्याचे अप्रूप असते. पाण्याखालचे महाकाय शिंपले (पाउआ) पाहावेत, हात लावू नये.

रविवारी जवळपास सर्व दुकाने बंद असतात. शाकाहारी कुटुंबाने तांदूळ, डाळ व मसाले रारोटोंगाहूनच घ्यावे, कारण येथील बराच किराणा जहाजाने येतो व महाग पडतो. रविवार येथे प्रार्थनेचा दिवस, म्हणून 2008 मध्ये रविवारची विमानसेवा सुरू झाली तेव्हा गावकऱ्यांनी निदर्शने केली होती. चर्चच्या प्रार्थनेला पाहुण्यांचे स्वागत होते, खांदे झाकलेले असावेत. तेथील समूहगान बेटावरील कोणत्याही हॉटेलच्या नृत्यरात्रीपेक्षा अधिक ऐकण्याजोगे.

बेटावर कुत्री नाहीत व आणूही देत नाहीत. कोंबड्या मात्र सर्वत्र आढळतात.