पुढचे इंजिन, मागचे इंजिन

पळसदरीच्या फलाटावर आलो की मला शाळेतला इंग्रजीचा तास आठवतो. इकडे आगगाडी १८५६ साली खोपोलीपर्यंत आली, १८६३ साली बोरघाट चढली. त्याआधीच, १८३६ साली, दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचे व्याकरण छापले होते. पण ते इंग्रजीशी ताडून आम्हांला कुणी दाखवले नाही. आपले ‘रात्री’, ‘सकाळी’, ‘सोमवारी’ सप्तमीच्या एका ईकारात भागते. साहेबाला मात्र ‘ॲट नाइट’, ‘इन द मॉर्निंग’, ‘ऑन मंडे’ असे तीन शब्द लागतात, नि तेही नामाच्या आधी! ‘इन नाइट’ लिहून मी छड्या खाल्ल्या. आज घाटाच्या गाडीला मागून रेटणारी इंजिने पाहतो, तेव्हा वाटते, वाचकहो, मी मठ्ठ नव्हतो. माझ्या भाषेचे इंजिनच मागे होते.