गुलामगिरीविरोधी चित्रांचा संग्रह

इ. स. १८३५ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील चार्ल्स्टन शहरी एक विलक्षण प्रकार घडला. गुलामगिरीचा निषेध करणारी पत्रके न्यूयॉर्कहून टपालाने आली असता एक जमाव रात्री टपालकचेरीत शिरला. त्याने ती पळविली व दुसऱ्या रात्री त्यांची जाहीर होळी केली. त्याच वर्षी या प्रसंगाचे शिळाछापाचे चित्र निघाले. त्यात भिंतीवर आर्थर टॅपन यांच्यासाठी २०,००० डॉलरांच्या बक्षिसाची पाटी दिसते. टॅपन हे १८३३ साली स्थापन झालेल्या अमेरिकन गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष होते.

कागदाचे एवढे भय का वाटावे? चार्ल्स्टन ज्या दक्षिण कॅरोलायना राज्यात आहे, तेथे १८३४ च्या कायद्याने गुलामांस वाचावयास शिकविणे हा गुन्हा ठरविला होता. आयुष्य अध्यापनात घालविलेल्या मला ही गोष्ट विशेष बोचते. अक्षरे हिरावून घेता आली, तरी चित्र निरक्षरासही कळते. पॅट्रिक रीझन या कृष्णवर्णीय कलावंताने १८३५ साली शृंखलाबद्ध स्त्रीचे चित्र कोरले. हेन्री ब्राऊन १८४९ साली लाकडी पेटीत बसून रिचमंडहून फिलाडेल्फियास पोहोचला व मुक्त झाला. पेटीतून बाहेर पडतानाचे त्याचे चित्र पुढे घरोघरी गेले.

अशी चित्रे आज काँग्रेस ग्रंथालयासारख्या संस्थांनी जतन केली आहेत. संग्राहकाने एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. केवळ आवडेल तेवढेच ठेवू नये. एडवर्ड क्ले याने फिलाडेल्फियातील स्वतंत्र कृष्णवर्णीयांची क्रूर थट्टा करणारी चित्रे काढली. तीही जपलीच पाहिजेत. कारण अपमानाचा पुरावा नष्ट झाला, तर अपमान झालाच नव्हता असे म्हणणारे पुढे येतात. तसेच चित्राचा समास कधीही कापू नये. प्रकाशकाचे नाव व वर्ष बहुधा तेथेच असते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केला. तेव्हा तो लढा आपणांस सर्वस्वी परका नाही. आपल्याही ज्ञातिबांधवांच्या घरी जुनी हस्तपत्रके, परिषदांची निमंत्रणे व छायाचित्रे पेट्यांतून पडून असतील. त्यांपैकी काहींत आपला गौरव असेल, काहींत आपली अवहेलनाही असेल. रद्दीत घालण्यापूर्वी ती एकवार उलगडून पाहावीत, मागे तारीख व नावे लिहावीत, आणि पुढील पिढीच्या हाती द्यावीत, एवढीच नम्र विनंती.