वाळवीच्या घरातली पाहुणी

मधमाशी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पोळं येतं. एक राणी आणि हजारो कामकरी माश्या. पण जगातल्या मधमाश्यांच्या बहुतेक जाती एकेकट्याच राहतात. आमच्या गावच्या घराचे वासे पोखरणारा काळा भुंगा त्यांपैकीच. लहानपणी मी त्या भोकाखाली पडलेला भुसा झाडत असे. आत एक आई पिलांसाठी परागाची शिदोरी भरते आहे, हे कळायला बरीच वर्षं गेली. आज याच भुंग्याच्या एका दूरच्या बहिणीची गोष्ट सांगतो.

आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज निसर्गसंशोधक ऑक्टोबर १८५८ मध्ये बाचान बेटावर उतरला. हे बेट आज इंडोनेशियात आहे. तिथे मिळालेल्या सोनेरी फुलपाखराबद्दल आणि नव्या स्वर्गपक्ष्याबद्दल त्याने भरभरून लिहिलं. त्याच मुक्कामात मोठ्या जबड्यांची एक काळी माशीही हाती लागली होती. तिच्या वाट्याला फारसे शब्द आले नाहीत. १८६० मध्ये फ्रेडरिक स्मिथने तिला ‘प्लूटो’ हे नाव दिलं. पुढे जवळजवळ सव्वाशे वर्षं ती कुणा शास्त्रज्ञाला दिसली नाही.

१९८१ मध्ये अॅडम मेसर या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाला ती बाचान आणि शेजारच्या बेटांवर सापडली, आणि ती इतकी वर्षं दिसली का नाही तेही उमगलं. झाडावर वाळवीची नांदती घरटी असतात, त्यांच्या आत ती राहते. मादी सुमारे ३८ मिलिमीटर लांब. पंख पसरले की सहा सेंटिमीटरच्या वर. जबड्यांनी झाडाचा डिंकासारखा चिकट राळ खरवडून ती गोळे आणते आणि आपल्या खोल्या लिंपते. त्यामुळे वाळवी आत येत नाही. एका घरट्यात अनेक माद्या राहतात, वाड्यातल्या बिऱ्हाडांसारख्या. राणी मात्र कुणीच नसते.

जानेवारी २०१९ मध्ये तिचं जिवंतपणीचं पहिलं छायाचित्र निघालं. शोधणाऱ्यांनी नेमकं ठिकाण सांगितलं नाही. कारणही तसंच होतं. आदल्याच वर्षी तिचा एक मृत नमुना ऑनलाइन लिलावात नऊ हजारांहून अधिक डॉलरना विकला गेला होता. शिवाय तिला राळेची झाडंही हवीत आणि वाळवीही. जंगल तोडून मळे केले, तर दोन्ही जातात.

आमच्या गावच्या घरावर आता स्लॅब आहे. वासे सरपणाला गेले. भुंगा कुठे गेला, हे तेव्हा आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)