अकी कौरिस्माकी : न हसता हसवणारा सिनेमा

फिनलंडचे दिग्दर्शक अकी कौरिस्माकी (जन्म ४ एप्रिल १९५७) यांच्या चित्रपटांतील माणसे मोजकेच बोलतात आणि हसत तर जवळजवळ नाहीतच. प्रेक्षकाला मात्र हसू आवरत नाही. संथ गतीच्या, सौम्य विनोदी चित्रपटांची गोडी ज्यांना कळून घ्यायची आहे, त्यांनी या दिग्दर्शकापासून आरंभ करावा.

कौरिस्माकी यांचे नायक-नायिका कष्टकरी वर्गातील असतात. ‘शॅडोज इन पॅरडाइज’ (१९८६) मध्ये कचरागाडीचा चालक, ‘एरिअल’ (१९८८) मध्ये बेकार झालेला खाणकामगार, तर ‘द मॅच फॅक्टरी गर्ल’ (१९९०) मध्ये काडेपेटीच्या कारखान्यातील मुलगी आहे. हे तीन चित्रपट ‘श्रमिक त्रयी’ म्हणून ओळखले जातात.

त्यांच्या विनोदाचे मर्म संयमात आहे. छायालेखक टिमो साल्मिनेन यांचा कॅमेरा सहसा स्थिर असतो. नट निर्विकार चेहऱ्याने संवाद म्हणतात आणि वाक्य संपल्यावरही दृश्य क्षणभर रेंगाळते. त्या क्षणात प्रसंगातील विसंगती प्रेक्षकाला स्वतःच उमगते.

‘ड्रिफ्टिंग क्लाउड्स’ (१९९६) हे त्याचे उत्तम उदाहरण होय. कोणत्या ट्रामचालकांना कामावरून कमी करायचे, याचा निर्णय तिथे पत्ते काढून होतो. नायक लाउरी हलके पान उचलतो आणि नोकरी गमावतो. प्रसंग हास्यास्पद आहे, पण कोणी आक्रोश करत नाही. हसे होते ते व्यवस्थेचे. माणसाचा मान अबाधित राहतो. पुढे पत्नी इलोना हिचीही नोकरी जाते. अखेरीस ती दोघे उपाहारगृह उघडतात आणि पहिल्या गिऱ्हाइकाची वाट पाहतात. साध्या दारावर खिळलेली ती नजर एखाद्या थरारपटाइतकी उत्कंठा निर्माण करते. आधीची संथ गती इथे फळाला येते, कारण तोवर त्या दाम्पत्याचे दैव प्रेक्षकाला आपले वाटू लागलेले असते.

‘द मॅन विदाउट अ पास्ट’ला २००२ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री, तर नायिका काती आउटिनेन यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. मारहाणीत स्मृती हरवलेला नायक जुन्या मालवाहू कंटेनरमध्ये संसार थाटतो, ही त्याची कथा. २०२३ च्या ‘फॉलन लीव्ह्ज’ने कानचे ज्युरी पारितोषिक पटकावले. मुदत संपलेला खाद्यपदार्थ घेतल्यामुळे दुकानातून काढून टाकलेली आन्सा आणि मद्यासक्त कामगार होलाप्पा यांची ही प्रेमकथा अवघ्या ८१ मिनिटांची आहे. फोन क्रमांकाचा कागद वाऱ्यावर उडतो, दोघे दुरावतात. घरातील रेडिओवर युक्रेन युद्धाच्या बातम्या चालूच असतात.

पणजीत २००४ पासून भरणाऱ्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामुळे गोव्यातील रसिकांना जागतिक सिनेमा नवा नाही. महोत्सवाच्या धावपळीत संथ चित्रपट अनेकदा मागे पडतात. मात्र त्यांना पहिली वीस मिनिटे धीराने द्यावीत. तोवर डोळे त्या गतीला सरावतात आणि मग निर्विकार चेहऱ्यांमागची माया दिसू लागते.